मधुमेहाचे आठवड्याचे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचक भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ६४, टाइप २ मधुमेह चौदा वर्षांपासून, वजन ७८ किलो. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराईड आणि व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्या चालू आहेत. शिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असलेली गोळी आहे. एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ९.२ टक्के आल्यामुळे डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचे सेमाग्लुटाईड सुचवले आहे. आई एकादशी, हरतालिका आणि नवरात्राचे उपास करतात, दिवाळीनंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरते आहे, बाबा आधीपासून इन्सुलिनवर आहेत, आणि या इंजेक्शनाने थायरॉईडचा कॅन्सर होतो असे शेजारी कोणीतरी सांगितल्यामुळे आई घाबरल्या आहेत. इंजेक्शन सुरक्षित आहे का आणि घरच्यांनी काय सांभाळावे, असे त्या विचारतात.

मी इंदुरात बरीच वर्षे मधुमेहाचे रुग्ण पाहतो आहे, आणि माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तुमच्या आईंसाठी हे औषध सुचवणे योग्य वाटते. मात्र माझ्या पाहण्यात या औषधाने जे त्रास झाले, त्यांतले बहुतेक इंजेक्शनामुळे कमी आणि त्याच्या भोवतालच्या गोष्टी तशाच राहू दिल्यामुळे जास्त झाले. जुन्या गोळ्या त्याच मात्रेत चालू राहतात, उपास पूर्वीसारखेच होतात, डोळ्यांची तपासणी राहून जाते, आणि मग दोष नव्या औषधावर येतो. म्हणून या उत्तरात मी इंजेक्शनाइतकेच आईंच्या बाकीच्या औषधांविषयी आणि दिनक्रमाविषयी लिहिणार आहे. मात्रा बदलण्याचा निर्णय आईंना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असला पाहिजे. पण त्यांना काय विचारायचे हे तुम्हाला ठाऊक असावे.

आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देते. सेमाग्लुटाईड त्याच संप्रेरकासारखे काम करते, फक्त शरीरात कितीतरी जास्त काळ टिकते. या गटातले पहिले औषध, एक्झेनाटाईड, अमेरिकेत २००५ मध्ये मान्य झाले, आणि मधुमेहासाठी सेमाग्लुटाईडचे इंजेक्शन २०१७ मध्ये. त्याचा सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गुण असा की रक्तातली साखर वाढलेली असते तेव्हाच ते इन्सुलिन सोडवते. साखर उतरली की त्याचा हा परिणामही ओसरतो. त्यामुळे एकट्या सेमाग्लुटाईडने, किंवा मेटफॉर्मिनबरोबर ते घेतल्याने, साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता कमी असते.

ग्लिमेपिराईडला मात्र ही जाण नाही. पोटात अन्न असो वा नसो, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. आजवर आई पोटभर जेवत होत्या म्हणून ते चालून गेले. इंजेक्शन सुरू झाल्यावर भूक निम्म्यावर येईल, दोन पोळ्यांची एक होईल, आणि गोळी मात्र दोन पोळ्यांच्या हिशेबानेच काम करत राहील. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा की ग्लिमेपिराईडची मात्रा केव्हा आणि किती कमी करायची. साखर फार वाढलेली नसेल तर अनेक डॉक्टर पहिल्याच दिवशी ती निम्मी करतात किंवा बंद करतात; एचबीए१सी ९.२ असताना सुरुवातीचे काही आठवडे ती ठेवून, घरच्या नोंदी पाहून उतरवत नेणेही योग्य ठरते. पण चौसष्टाव्या वर्षी, उपास करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत, मी स्वतः कमी करण्याकडेच झुकतो. व्हिल्डाग्लिप्टिनविषयी प्रश्न सोपा आहे: ते आणि सेमाग्लुटाईड एकाच मार्गाने काम करतात, दोन्ही एकत्र घेऊन जास्तीचा फायदा मिळत नाही, म्हणून ते सहसा बंद करतात. मेटफॉर्मिन मूत्रपिंड ठीक असेल तर चालू राहते.

घरात ग्लुकोमीटर असायलाच हवा, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत सकाळी उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी साखर पाहून वहीत लिहावी. दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, एकदम लागलेली कडकडीत भूक, बोलण्यातला गोंधळ किंवा उगाच चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. रात्री उतरली तर भिजलेली उशी आणि सकाळी ठणकणारे डोके एवढाच पुरावा उरतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा लक्षणे आहेत आणि मीटर हाताशी नाही अशी वेळ असेल, तर तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या भांड्यात पाणी घेऊन विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर वर आली की काहीतरी खायला द्यावे. पेढा, बर्फी किंवा जलेबी देण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. त्यांतल्या तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो, म्हणून त्या क्षणी साखरेचे पाणीच योग्य. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

उपासाबद्दल मी रुग्णांशी कधीही वाद घालत नाही, कारण वाद घातला की ते उपास सोडत नाहीत, डॉक्टरांना सांगणे सोडतात. हरतालिकेचा निर्जळ उपास मात्र या औषधावर आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असलेल्या स्त्रीने करू नये, हे मी निक्षून सांगतो. पाणी, ताक, फळे घेऊन करावा. एकादशीला दिवसभर काही न खाता संध्याकाळी एकदम भरपूर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते: दिवसा गोळीमुळे साखर उतरते, संध्याकाळी पिष्टमय पदार्थाने चढते, आणि संथ झालेल्या जठरात ती तेलकट खिचडी तासन्‌तास बसून राहते. थोडे भगर, दाण्याची आमटी, दही, राजगिरा असे तीन-चार वेळा विभागून घ्यावे, आणि त्या दिवशी ग्लिमेपिराईड घ्यायचे की नाही हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. तसेच इंजेक्शनाचा वार विचारपूर्वक निवडा. सेमाग्लुटाईडची रक्तातली पातळी टोचल्यानंतर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि मळमळही बहुधा तेव्हाच जाणवते, म्हणून ते दिवस उपासाचे किंवा मोठ्या जेवणावळीचे नसावेत. महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या आणि पुरणपोळी आदल्या दिवशीच्या इंजेक्शनावर गेली, तर उलटी ठरलेलीच. वार बदलायचा असेल तर दोन इंजेक्शनांमध्ये किमान ४८ तासांहून जास्त अंतर ठेवावे.

मळमळ हा या औषधाचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. चाचण्यांमध्ये पाच-सहा जणांत एकाला तो झाला आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी झाला. तो आटोक्यात ठेवण्यासाठीच मात्रा पायरीपायरीने वाढवतात: ०.२५ मिलिग्रॅम चार आठवडे, मग ०.५, आणि गरज पडली तर पुढे किमान चार-चार आठवड्यांच्या अंतराने १ आणि २ मिलिग्रॅम. पहिल्या महिन्यात साखर फारशी उतरत नाही म्हणून अधीर होऊन स्वतःच मात्रा वाढवणारे लोक असतात. त्यांना माझे कळकळीचे सांगणे असे की या औषधाची अर्धी मात्रा शरीरातून जायला सुमारे आठवडा लागतो, आणि पूर्ण बाहेर पडायला साधारण पाच आठवडे. गोळी नको झाली तर उद्या बंद करता येते. हे टोचल्यावर परत काढता येत नाही. सावकाश जेवणे, भूक भागली की ताटावरून उठणे, तळलेले टाळणे आणि जेवल्यावर लगेच आडवे न होणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते. काहींना उलट्यांऐवजी बद्धकोष्ठ होते. त्यासाठी पाणी, भाज्या आणि गरज पडल्यास इसबगोल.

उलट्या किंवा जुलाब मात्र एका दिवसापेक्षा जास्त चालले, तर ते सहन करत बसण्याचे काम नाही. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. अशा वेळी शरीरातले पाणी आधीच कमी, त्यात लघवी वाढवणारी गोळी ते आणखी काढते, आणि टेल्मिसार्टनसारखी औषधे एरवी मूत्रपिंडाला सांभाळतात तरी शरीर कोरडे पडल्यावर त्यांच्यामुळेच मूत्रपिंडावर ताण येतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) वाढू शकते, आणि मग मेटफॉर्मिन चालू ठेवणेही धोक्याचे होते. म्हणून आजारपणाच्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या याची चिठ्ठी डॉक्टरांकडून आजच घेऊन ठेवा. त्यात बहुधा रक्तदाबाची ही गोळी, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड असतील, आणि अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या तर कटाक्षाने टाळायच्या. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध कधी सुरू झाले तर उपाशी राहण्याच्या आणि उलट्यांच्या दिवशी तेही थांबवावे लागते, कारण त्यामुळे साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकते. लघवी कमी झाली, उभे राहताना चक्कर आली, जीभ कोरडी पडली, तर रात्र काढू नका.

पोटाच्या वरच्या भागात जोराची, न थांबणारी आणि पाठीकडे जाणारी कळ आली, उलटी असो वा नसो, तर स्वादुपिंडाला सूज आली असल्याची शंका घ्यायची, पुढचे इंजेक्शन घ्यायचे नाही आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचे. असे क्वचित होते, पण आम्लपित्त समजून घरी दिवस काढले तर ते जिवावर बेतू शकते. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखणे, ताप, डोळे पिवळे दिसणे ही पित्ताशयातल्या खड्यांची चिन्हे असू शकतात; वजन झपाट्याने उतरताना खडे होण्याची शक्यता वाढते. आईंना पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झालेला असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मग दुसऱ्या औषधाचा विचार करावा लागतो.

आता डोळे. मोतीबिंदूसाठी तुम्ही नेत्रतज्ज्ञांकडे जाणारच आहात, तर इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी जा आणि बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. चौदा वर्षांच्या मधुमेहात पडद्यावर बदल झालेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि दीर्घकाळ वाढलेली साखर एकदम उतरली की ते बदल काही काळ बिघडू शकतात. हे इन्सुलिननेही होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाईडच्या मोठ्या चाचणीत पडद्याची गुंतागुंत औषध घेणाऱ्यांपैकी ३.० टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी १.८ टक्के लोकांना झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पडदा आधीच बिघडलेला होता. त्याच चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ८.९ वरून ६.६ टक्क्यांवर आले, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पडदा बिघडलेला आढळला तर औषध बाद होत नाही. आधी लेझर किंवा डोळ्यातले इंजेक्शन देऊन पडदा स्थिर करायचा, मात्रा सावकाश वाढवायची आणि तपासणी तीन-चार महिन्यांनी पुन्हा करायची. मोतीबिंदू दाट असेल तर पडदा नीट दिसत नाही. तशा वेळी शस्त्रक्रिया आधी आणि इंजेक्शन नंतर, असा क्रम लावण्याबद्दल दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा. एका डोळ्याची दृष्टी दुखल्याशिवाय अचानक गेली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठायचे. दृष्टिनाडीचा रक्तपुरवठा बंद पडण्याचा हा प्रकार अत्यंत दुर्मिळ आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये तो सेमाग्लुटाईडचा दुष्परिणाम म्हणून मान्य करताना त्याचे प्रमाण दहा हजारांत एकापर्यंत सांगितले.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत मुख्य गोष्ट अशी की आदल्या रात्रीपासून उपाशी राहिले तरी या औषधामुळे जठरात अन्न शिल्लक असू शकते, आणि पूर्ण भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा डोळ्यापुरत्या भुलीवर होते, म्हणून तिथे धोका कमी. तरीही भूलतज्ज्ञांना औषधाचे नाव आणि शेवटच्या इंजेक्शनाचा दिवस सांगा. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन थांबवण्याची सूचना केली होती; २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार बहुतेकांना ते चालू ठेवता येते, पण मात्रा वाढवण्याच्या काळात किंवा मळमळ-उलटी असताना जास्त सावध राहावे लागते आणि काहींना २४ तास आधीपासून फक्त पातळ पदार्थ घ्यायला सांगतात. एंडोस्कोपीलाही हेच लागू.

थायरॉईडची भीती कुठून आली ते सांगतो. उंदरांना हे औषध दिल्यावर त्यांच्या थायरॉईडमधल्या सी-पेशींच्या गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत वेष्टनावर ठळक इशारा छापतात. माणसांत असा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. युरोपच्या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून तसेच म्हटले. तरीही स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल तर हे औषध घेऊ नये. थायरॉईड कमी असल्याची रोजची गोळी घेणाऱ्या स्त्रियांना हा इशारा लागू नाही. मानेत गाठ लागली, आवाज बसून राहिला, तर दाखवावे, एवढेच.

तुमच्या घरातली एक गोष्ट मला या शेजारभीतीपेक्षा जास्त काळजीची वाटते: एकाच फ्रिजमध्ये बाबांचे इन्सुलिन आणि आईंचे सेमाग्लुटाईड. दोन्ही पेने दिसायला सारखी, दोन्हींची मागची कळ फिरवायची. आईंनी चुकून बाबांचे पेन उचलले तर इन्सुलिनने साखर झपाट्याने उतरेल. दोन वेगळे डबे करा, एकावर लाल आणि दुसऱ्यावर निळी पट्टी चिकटवा, नावे मोठ्या अक्षरांत लिहा, आणि एक दारात तर दुसरा खालच्या कप्प्यात ठेवा. एकमेकांचे पेन सुई बदलूनही वापरायचे नाही. रक्तातून पसरणारे आजार तसेही पसरतात. बाबा कुपीतून इन्सुलिन घेत असतील तर कुपीवर ४० लिहिले आहे की १०० ते पाहा: ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी नारिंगी. पेनमधले १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले तर अडीचपट मात्रा जाते. केमिस्टने दिलेली सिरिंज घेताना टोपणाचा रंग रोज पाहावा.

न उघडलेले पेन २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या थंड पत्र्याला टेकवू नये. एकदा गोठलेले पेन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकून द्यावे. सेमाग्लुटाईडच्या मूळ कंपनीचे पेन अमेरिकेतल्या माहितीपत्रकानुसार वापरायला काढल्यावर ८ आठवडे चालते, पण ३० अंशांखाली. आपल्या उन्हाळ्यात घरातली खोलीही त्याहून गरम असते, म्हणून फ्रिजच बरा. पेन कोणत्याही कंपनीचे असो, त्याच्यासोबतच्या माहितीपत्रकातली मुदत पाळावी. ओंकारेश्वर किंवा महेश्वरला जाताना ते गाडीच्या डिकीत टाकू नये. औषध पक्क्या बिलावर, बॅच क्रमांक पाहून, थंड डब्यातूनच घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाईडबद्दल इशारा दिला होता, आणि जिममधून किंवा व्हॉट्सअॅपवरून स्वस्तात मिळणारे पेन कुठून आले हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिले इंजेक्शन दवाखान्यात, परिचारिकेसमोर आईंनी स्वतः टोचावे. माझ्याकडे मी नेहमी आधी पोटावरून तीन बोटे फिरवून पाहतो. बाबांसारख्या जुन्या इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बेंबीच्या दोन्ही बाजूंना बहुधा रबरासारखी टणक, न दुखणारी गादी हाताला लागते, कारण वर्षानुवर्षे तीच दोन ठिकाणे वापरलेली असतात. तिथे दुखत नाही म्हणून माणसे तिथेच टोचत राहतात, आणि औषध कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर सोडून पोट, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग किंवा दंड, आणि दर आठवड्याला जागा बदलायची. ४ मिलिमीटरची नवी सुई, कळ पूर्ण दाबून खिडकीत शून्य दिसल्यावर मनात सहा-दहा आकडे मोजायचे, मगच सुई काढायची. इंजेक्शनाचा दिवस हुकला तर पाच दिवसांच्या आत घेता येते. त्यानंतर ते सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्यावे, दोन एकदम कधीच नाही. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, आणि बाटली भरली की झाकण घट्ट करून कचरागाडीतल्या घरगुती धोकादायक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. ओल्या-सुक्यात गेलेली सुई गाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. वजनाबरोबर स्नायूही उतरतात, आणि साठीनंतर ते परत मिळवणे अवघड असते. भूक कमी झाल्यावर आई आधी डाळ-उसळ सोडतील आणि चहा-बिस्किटांवर राहतील, असे होऊ देऊ नका. ताटात पहिला घास वरण, दही, पनीर किंवा मोडाच्या कडधान्याचा असावा, आणि चालण्यासोबत खुर्चीतून उठ-बस करण्याचा व्यायाम रोज व्हावा. वजन महिन्याला तीन-चार किलोंहून वेगाने घसरू लागले, किंवा वजन उतरूनही साखर चढीच राहिली, तर शरीरात इन्सुलिनच कमी पडत असल्याची शंका घ्यावी लागते. तशा वेळी मात्रा वाढवत नेणे चूक ठरते आणि इन्सुलिनचा विचार करावा लागतो.

सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन, डोळ्यांचा अहवाल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे, जडीबुटीच्या पुड्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. पहिल्या भेटीनंतर चार आठवड्यांनी, मात्रा वाढवण्याच्या आधी, साखरेची वही घेऊन पुन्हा जा, आणि उन्हाळा असेल तर त्याच वेळी क्रिएटिनिन पुन्हा तपासायला सांगा.